काळीची माती भिंतीत घालू नका

पोळ्याच्या आदल्या दिवशी घनसावंगी तालुक्यात कपाशीवरची बोंडअळी पाहायला गेलो होतो. कामगंध सापळे मोजून झाले, चहा झाला, आणि निघता निघता एका गवंडीमिस्त्रीने गाडी अडवली. म्हणाला, "साहेब, तुम्ही मातीचं तपासता ना? मग माझी बी माती तपासा." मला वाटले, नत्र-स्फुरद-पालाश विचारतो आहे. त्याने पुढे केली ती मात्र काचेची बाटली. तळाशी रेती, वर गाळ, त्यावर चिकणमातीचा थर आणि सगळ्यांत वर निवळ पाणी. त्याला शेत पेरायचे नव्हते, घर बांधायचे होते. स्वतःचे नव्हे, दुसऱ्याचे.

हा माणूस अकरा हंगाम बायकोसह ऊसतोडीला गेलेला. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, हे आपल्या अंबड-घनसावंगीकडे कोणाला सांगायला नको. दसरा झाला की ट्रक भरतो, पोरे आजीपाशी राहतात नाही तर फडावर जातात. पावसाळ्यात तो गवंड्याच्या हाताखाली राहून काम शिकला, मग घरकुलाच्या कामावर गवंड्यांना देतात ते पंचेचाळीस दिवसांचे प्रशिक्षण त्याने घेतले. आता त्याने एक हातयंत्र आणले आहे. त्यात ओलसर माती भरायची, लांब दांडा दोघांनी ओढायचा, की दाबलेली वीट बाहेर येते. भट्टी नाही, कोळसा नाही. तो तिला दाबवीट म्हणतो, आपणही तेच म्हणू.

यंदा त्या दोघांनी मुकादमाची उचल घेतलेली नाही. पोळा झाला की दसऱ्याला जेमतेम चाळीस दिवस उरतात. तेवढ्यात दोन घरांचे काम मिळाले तर हिवाळा गावात निघेल, नाही तर पुन्हा उचल आणि पुन्हा फड. ती ताई दारातूनच म्हणाली, "यंदा कोयत्याला जायाचं नाही, एवढं मी ठरवलंय. बाकी यांचं यांनी बघावं."

गेल्या वर्षी एका प्रशिक्षणात शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांवर आम्हाला दिवसभर व्याख्याने ऐकावी लागली. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली अशी सतरा उद्दिष्टे ठरवली आणि २०३० ही मुदत घातली. गरिबी हटवणे, स्वच्छ पाणी, चांगला रोजगार, जपून वापर, हवामानबदलाला आळा वगैरे. अकरावे उद्दिष्ट वस्त्यांचे आहे आणि त्याच्या एका पोटकलमात गरीब देशांनी स्थानिक सामानातून टिकाऊ घरे बांधावीत, त्यासाठी मदत द्यावी, असे लिहिले आहे. बंद काचांच्या त्या सभागृहात पंखा असूनही जीव घाबरा होत होता, म्हणून त्यातले फारसे डोक्यात शिरले नाही. मिस्त्रीच्या ओसरीवर बसल्यावर मात्र ते सारे आठवले.

सिमेंट होते कसे ते पाहा. चुनखडीचा दगड साडेचौदाशे अंश उष्णतेच्या भट्टीत भाजतात. कोळशाचा धूर होतो तो होतोच, शिवाय त्या दगडातूनही कार्बन वायू सुटतो. जगात माणसाच्या हातून जेवढा कार्बन वायू हवेत जातो, त्यातला सुमारे आठ टक्के एकट्या सिमेंटचा. आणि भाजलेल्या विटेचे दुखणे तर थेट आपल्या बांधावरचे आहे. वीटभट्टीला माती विकणारे शेतकरी मी पाहतो. एक एकरातून एक इंच माती उचलली तर ती साधारण १३० टन भरते. तेवढीच एक इंच माती तयार व्हायला निसर्गाला शेकडो वर्षे लागतात. पैसा एका दिवाळीत संपतो आणि पुढे दहा वर्षे शेणखत टाकूनही तो तुकडा पहिल्यासारखा पिकत नाही. मातीला 'आई' म्हणणाऱ्यांनीच ती ब्रासने विकावी, हे काही मला कधी पटले नाही.

म्हणून मिस्त्रीला मी पहिला प्रश्न तोच केला, माती कुठली? तर शेततळ्याची. आपल्या जिल्ह्यात शेततळी झाली आणि होत आहेत. कडवंचीसारख्या गावाने तर पाणलोटाच्या कामावर आणि शेततळ्यांवर द्राक्षबागा उभ्या केल्या. पंधरा मीटर लांबी-रुंदीचे आणि तीन मीटर खोलीचे तळे खणले की सुमारे ४४० घनमीटर माती-मुरूम निघतो. बहुतेक ठिकाणी तो बांधावर ढीग होऊन पडून राहतो आणि त्यावर काँग्रेस गवत माजते.

या ढिगात दोन जाती असतात, त्या खणतानाच वेगळ्या करून ठेवाव्यात. वरची काळी शेतात परत पसरावी. ती भिंतीत घालू नये, आणि हे मी केवळ शेतकी खात्याचा म्हणून सांगत नाही. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसून भेगाळते. उन्हाळ्यात ज्या भेगेत हात जातो, ती भेग भिंतीत कोणाला हवी? आपल्या पूर्वजांनी हे कधीच ओळखले होते. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, असे आपण आजही म्हणतो. जुनी माळवदे पांढऱ्या मातीची असत. (त्यासाठी आता गढी मात्र खणू नये. ती गावाची जुनी खूण आहे आणि काही गढ्यांना कायद्याचे संरक्षणही आहे.) काळीखालचा पिवळसर, भुसभुशीत मुरूम चाळून घेतला आणि त्यात थोडी चिकणमाती असली, तर दाबविटेला चालतो.

चालतो की नाही हे बाटली सांगते. बाटलीत एक तृतीयांश चाळलेली माती, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून चांगली हलवावी आणि ठेवून द्यावी. रेती मिनिटभरात तळाला बसते, गाळ अर्ध्या तासात, चिकणमातीला दुसरा दिवस लागतो. रेतीचा थर निम्म्याहून जास्त असावा आणि चिकणमाती दहावा ते पाचवा हिस्सा. चिकणमाती जास्त दिसली तर रेती किंवा दगडाची कच मिसळावी. पाणी किती घालायचे हे मूठ सांगते. माती मुठीत दाबून गोळा करावा आणि खांद्याच्या उंचीवरून कडक जमिनीवर सोडावा. चारपाच तुकडे झाले तर बरोबर. भुगा झाला तर कोरडी, गोळा तसाच राहिला तर ओली.

नुसती दाबलेली माती पावसात विरघळते. म्हणून तीत शेकडा पाच ते सात सिमेंट मिसळावे लागते आणि वीट अठ्ठावीस दिवस सावलीत, गोणपाटाखाली ओली ठेवावी लागते. एवढे सिमेंट लागते हे लपवण्यात अर्थ नाही. पण ज्याची माती वाईट तो दहा-बारा टक्क्यांवर जातो आणि मग तिला मातीची वीट म्हणणे ही फसवणूकच आहे. मिस्त्रीची वीट सुमारे आठ किलोची. घरकुलाच्या २५ चौरस मीटरच्या घराच्या भिंतींना आमच्या हिशेबाने अडीच हजार विटा लागतात. त्यांना पाच ब्रास माती आणि सिमेंटची अठ्ठावीस पोती. यंत्रावर सहा माणसे दिवसाला तीनशेच्या आसपास विटा पाडतात, म्हणजे पन्नासएक दिवसांची मजुरी गावातच पडते. भट्टीच्या विटांचा पैसा ट्रकमागे निघून जातो. ताईने ही बेरीज माझ्याआधी तोंडी केली होती.

एक गोष्ट मात्र मी त्यांच्या तोंडावर सांगितली. पाया, स्लॅब आणि पट्टे यांचे सिमेंट-लोखंड यातून वाचत नाही. मातीच्या भिंती उभारून वर उघडा पत्रा टाकला तर वैशाखात आत थांबवणार नाही, कारण आपल्याकडे ऊन भिंतीपेक्षा छपरातून जास्त उतरते. निदान स्लॅबवर दर उन्हाळ्याच्या तोंडी चुन्याचा पांढरा हात मारावा. वर्ध्याला १९७६ साली देवेंद्रकुमारांनी ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केले, त्यांनी छपराचाच प्रश्न धरला. कुंभाराने चाकावर निमुळत्या नळ्या काढायच्या, त्या एकीत एक बसवून कमानी करायच्या आणि कमानींचे छप्पर उभे करायचे. लोखंड नाही, लाकूड नाममात्र, आणि कुंभाराला काम. आपल्याकडे असे छप्पर घालणारा गवंडी मला अजून भेटलेला नाही.

लॉरी बेकर हे मूळचे इंग्रज वास्तुशिल्पी. त्यांनी केरळात हजारोंनी साधी, स्वस्त घरे बांधली आणि २००७ साली तिथेच देह ठेवला. ते सांगत असत, की गांधीजींनी त्यांना सांगितले होते, घराचे सामान पाच मैलांच्या आतले असावे. आता जालना शहराजवळच्या माणसाने हा नियम धरला तर पाच मैलांत सळईचे कारखानेच निघतील! असो. पण हिशेब विचार करण्याजोगा आहे.

गिऱ्हाईक कसे आहे ते पाहायला आम्ही तिघे गावात एका घरी गेलो. घरकुल मंजूर झालेले, मुलगा पंचविशीचा. घरातली म्हातारी आधी काही बोलेना. मग म्हणाली, "मातीचं घर? किल्लारी इसरलात का?"

मी विसरलो नव्हतो. ३० सप्टेंबर १९९३, गणेश विसर्जनानंतरची पहाट. सुमारे दहा हजार माणसे गेली. दोन-दोन फुटी दगडी भिंती चिखलात रचलेल्या, आतला आणि बाहेरचा पदर वेगळा, मध्ये नुसता भर, आणि माळवदावर वर्षानुवर्षे टाकलेली फूट-दीड फूट माती. धक्का बसताच पदर सुटले आणि तो सगळा भार झोपेतल्या माणसांवर आला. मी म्हातारीला म्हणालो, "मावशी, माती होती म्हणून नव्हे, वर भार होता आणि खाली बंध नव्हता म्हणून घरं पडली." दोन्ही पदर बांधणारे आरपार दगड आणि घराला कंबरपट्ट्यासारखा वळसा घालणारा काँक्रीटचा पट्टा असता, तर बरीच घरे तगली असती. दाबविटेच्या घरालाही हे लागतेच. जोत्यावर एक पट्टा, दारे-खिडक्यांच्या माथ्यावर दुसरा, कोपऱ्यांत उभी सळई. हे पैसे वाचवतो म्हणणाऱ्या मिस्त्रीला दारात उभे करू नये. जोते उंच घ्यावे आणि पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून लांब पडेल असे छप्पर बाहेर काढावे.

म्हातारीने ऐकून घेतले. मग तिच्या सुनेने खरा प्रश्न काढला. "साहेब, सगळं पटतं. पण गावात सांगतील, यांचं घर मातीचं. पोराला पोरगी कोण देईल?"

यावर कोणत्याही खात्याचे परिपत्रक नाही. मी गप्प बसलो. मिस्त्री उठला, बाहेर गेला आणि दोन विटा घेऊन आला. एक भट्टीची, एक त्याची, दोन्ही आदल्या दिवसापासून पाण्यात बुडवलेल्या. भट्टीच्या विटेचा कोपरा बोटाने ढासळला. त्याच्या विटेची धार शाबूत होती. (सगळीच भट्टीची वीट अशी नसते, हे मी तिथेच बोललो. मिस्त्रीला ते आवडले नाही.) सुनेने वीट हातात घेतली, नखाने ओरखडली आणि सासूकडे दिली. बोलली काहीच नाही.

धंद्याचे म्हणाल तर गवंड्यांनी पंतप्रधान विश्वकर्मा योजनेची चौकशी करावी. ती १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, तिच्या अठरा व्यवसायांत गवंडीकामही आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत आणि तारणाशिवाय पाच टक्के व्याजाने आधी एक लाखापर्यंत व तो फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. माती विकत घेऊन विटा पाडायच्या तर गौण खनिजाच्या परवानगीचे तहसीलात आधी विचारावे, नंतर दंड भरून उपयोग नाही. आणि यंत्र घेताना घाई करू नये. मिस्त्रीने पहिले यंत्र स्वस्तात नक्कल करून घेतले, त्याचा दाब पुरेना, चारशे विटांचे कोपरे गळाले. त्या विटा त्याने शेळ्यांच्या गोठ्यात फरशीला घातल्या आहेत. विटा पाडायचे काम दिवाळी ते संक्रांत उरकावे. एप्रिलात टँकरच्या पाण्यावर विटा भिजवणे आपल्या जिल्ह्यात शोभत नाही.

परवा मिस्त्रीचा फोन आला. शेततळेवाल्या शेतकऱ्याने सालगड्यासाठी दोन खोल्या त्याच्याकडून बांधायचे कबूल केले आहे, माती त्याचीच. घरकुलवाल्यांचा निरोप अजून नाही. मुकादम मात्र दोनदा येऊन गेला. ताईने त्याला चहा दिला आणि परत पाठवले.

घरकुलवाल्यांच्या जागेतला मुरूम मी बाटलीत घालून माझ्या टेबलावर ठेवला आहे. आज सकाळी पाहिला. रेती निम्म्याहून जरा जास्त आहे, चिकणमातीही बेताची. बुधवारी त्या गावाला कपाशीसाठी जायचेच आहे, बाटली सोबत नेईन.