शुश्रूषेचेही पहारे लावावेत

गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात अहोरात्र खाली टेकत नाही. तथापि ती एकाच विणेकऱ्याच्या गळ्यात सातही दिवस राहावी, असे कोणत्याही गावाने म्हटल्याचे ऐकिवात नाही. पहाऱ्यांची यादी आधीच तयार होते, मध्यरात्रीच्या पहाऱ्यालाही नाव लागते. जी तजवीज आपण देवाच्या सेवेसाठी बिनबोभाट करतो, ती अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या सेवेसाठी करावी, हे मात्र आपल्या मनात येत नाही. तेथे एकटी सून, एकटी मुलगी किंवा वृद्ध पत्नी वर्षानुवर्षे उभी असते.

ज्या रुग्णाला स्वतः कूस पालटता येत नाही, त्याला शय्याव्रण होऊ नयेत म्हणून साधारणतः दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, म्हणजे अहोरात्रात 12 वेळा. आणि जिच्यावर हे काम आहे, तिला दोन तासांची सलग झोपही दुर्लभ होते. 'धन्य आहे तुमची' असे म्हणून, तिनेच केलेला चहा घेऊन आपण परततो. ही स्तुती अंतःकरणातून आलेली असते हे खरे. परंतु जिला आपण देवत्व बहाल केले, तिला 'मी थकले' म्हणण्याची मुभा उरत नाही.

माझे वडील अर्धांगवायूने अंथरुणावर होते, तेव्हा शेजारच्या काकू दर गुरुवारी जेवणे आटोपताच येत आणि आईला म्हणत, "वहिनी, तुम्ही आतलं दार लावून निजा, चारपर्यंत मी आहे इथे." त्या काळात आईने सांत्वन पुष्कळांचे ऐकले, वाट ती गुरुवारची पाहत असे.

2007 च्या कायद्याने वृद्ध मातापित्यांच्या निर्वाहाचे दायित्व अपत्यांवर टाकले, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये, अधिक आधार लागणाऱ्या दिव्यांगांकरिता काळजीवाहक भत्त्याचाही उल्लेख आहे. त्याची अंमलबजावणी सर्वत्र व्हावी, शुश्रूषेसाठी रजेचा अर्ज करणाऱ्याकडे कचेरीने संशयाने पाहू नये, ही मागणी रास्तच आहे. परंतु भत्ता हाती आला तरी रात्री दोनच्या पहाऱ्याला माणूसच लागतो. म्हणून भावंडांनी, नातलगांनी, शेजाऱ्यांनी 'काही लागलं तर सांगा' एवढ्यावर न थांबता, त्या घरच्या भिंतीवरील कॅलेंडरात एका वारापुढे आपले नाव लिहून यावे, आणि त्या वारी न चुकता जावे.