शंकरपटाची गर्दी आणि बंदोबस्ताचा हिशेब

धानाची मळणी आटोपली, कोठ्या भरल्या की भंडारा जिल्ह्यात पटाचे दिवस सुरू होतात. दिवसा शंकरपट आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक, हा येथील जनजीवनाचा जुना क्रम आहे. पटाच्या निमित्ताने लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात, हॉटेलवाल्यापासून खेळणीवाल्यापर्यंत अनेकांच्या हाती चार पैसे पडतात. पट हा केवळ बैलांचा खेळ नव्हे. ती गावाची हंगामी बाजारपेठ आहे.

ही बाजारपेठ काही वर्षे बंद पडली होती. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींना मनाई केली. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. तथापि शर्यतींना सशर्त वाट मोकळी झाली ती १६ डिसेंबर २०२१ च्या अंतरिम आदेशाने. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरविली. आता जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक आहे, आणि नियमभंगास ५ लाख रुपयांपर्यंत दंड वा ३ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

या साऱ्या नियमांचा रोख मुख्यतः बैलाच्या संरक्षणावर आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु धावपट्टीच्या दुतर्फा उभ्या असलेल्या माणसांचे काय? जोडी सुटली की मागची गर्दी पुढे रेटते, हौशी तरुण पट्टीत उतरतात, आरडाओरड्याने बैल बिथरतात. निकालावरून वाद उद्भवला आणि त्यात दारू व पैजा मिसळल्या, की शौकाचे रूपांतर हाणामारीत होण्यास वेळ लागत नाही. अशा वेळी ठाण्यातील मोजक्या शिपायांनी लाठी उगारावी, एवढीच समाजाची अपेक्षा असते.

लाठीचा अनुभव मात्र वेगळे सांगतो. जानेवारी १९७५ मध्ये वानखेडे मैदानावरील पहिल्याच कसोटीत क्लाइव्ह लॉइडने द्विशतक झळकाविले. त्याचे अभिनंदन करण्यासाठी एक प्रेक्षक मैदानात धावला. पोलिसांनी त्याला चोप दिला, त्यावरून प्रेक्षक खवळले, जाळपोळ झाली आणि चहापानानंतरचा खेळ वाया गेला. एका माणसाचा अतिउत्साह हजारोंच्या दंगलीत परिणत झाला, तो बळाच्या अविवेकी वापरामुळे. उलट, नोव्हेंबर १९९५ मध्ये नागपूरच्या भारत-न्यूझीलंड सामन्यात प्रेक्षागाराची भिंत कोसळून अनेक प्रेक्षक मृत्युमुखी पडले. तेथे दोष हुल्लडबाजीचा नव्हता, बांधकामाचा होता. तात्पर्य, गर्दीचा प्रश्न हा प्रथम व्यवस्थेचा प्रश्न आहे आणि नंतर दंडुक्याचा.

व्यवस्थेला खर्च येतो आणि तो कोणी सोसावा, हा खरा अर्थशास्त्रीय मुद्दा आहे. गर्दीचा लाभ आयोजकांना मिळतो, बंदोबस्ताचा भार मात्र सार्वजनिक तिजोरीवर पडतो. पटासाठी शिपाई गेले म्हणजे तेवढा काळ इतर गावे उघडी पडतात. या बाबतीत शासनाचे धोरणही सुसंगत नाही. २०२३ मध्ये मुंबईतील क्रिकेट सामन्यांचे बंदोबस्त शुल्क मोठ्या प्रमाणात घटविण्यात आले, तेही २०११ पासून पूर्वलक्षी प्रभावाने. धनाढ्य संस्थांना अशी सवलत मिळत असेल, तर गावच्या पटसमितीला शिस्तीचे धडे कोणत्या तोंडाने द्यावयाचे?

शुल्काचा भार लादल्यास परंपरा बुडेल, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. म्हणूनच गावाकडून पैशाऐवजी श्रम घ्यावेत. पट्टीच्या दोन्ही बाजूंना बांबूचे मजबूत कठडे, बैलांच्या वाटेपासून स्त्रिया व मुलांसाठी दूर राखलेली जागा, गावचेच ओळखीचे स्वयंसेवक आणि वादाला वाव न ठेवणारी वेळनोंद एवढे जरी परवानगीच्या अटींत समाविष्ट केले, तरी पोलिसांचे निम्मे काम हलके होईल. अनोळखी शिपायाच्या लाठीपेक्षा गावातील वडीलधाऱ्याचा शब्द तरुणांना अधिक आवरतो. दारू आणि पैजा यांचा बंदोबस्त मात्र पोलिसांनीच, आणि पटाच्या आदल्या दिवसापासून, करावयास हवा.

न्यायालयाने बैलाच्या बाजूने घातलेल्या अटी पाळून पट परत आला आहे. एखाद्या हंगामात माणसे चिरडली गेली, तर परवानगी नाकारण्यास प्रशासनाला दुसरे कारण लागणार नाही. मग धुरकऱ्याबरोबर नाटकवाला आणि खेळणीवालाही घरी बसेल. मिळविलेला पट टिकवावयाचा, तर बैलापाठोपाठ आता माणसालाही वेसण हवी. आणि ती गावाने स्वतःच्या हाताने घालणे अधिक शहाणपणाचे.