विश्वकर्म्याची पूजा आणि निर्मितीचे व्रत

दरवर्षी १७ सप्टेंबरला विश्वकर्मा जयंतीनिमित्त भोसरी-चाकणच्या कारखान्यांतून यंत्रांची पूजा होते. भारतीय मजदूर संघ हा दिवस राष्ट्रीय श्रमदिन म्हणून पाळतो. परंतु विश्वकर्मा हा निर्मितीचा देव आहे. परक्याच्या आराखड्याबरहुकूम माल काढणाऱ्यांनी त्याची पूजा कोणत्या अधिकाराने करावी?

याचे उत्तर पिंपरीच्याच इतिहासात आहे. तत्कालीन टेल्कोचा जर्मनीच्या डेमलर-बेंझशी १९५४ मध्ये झालेला करार १९६९ मध्ये संपला. मात्र त्याआधीच, १९६६ मध्ये, कंपनीने पुण्यात स्वतःचे अभियांत्रिकी संशोधन केंद्र स्थापन केले होते. सुमंत मुळगावकरांनी पिंपरीत साचे व यंत्रे घडविणारे विभाग आणि शिकाऊ कामगारांची प्रशिक्षणशाळा यांचा पाया घातला. या साधनेचे फळ दोन दशकांनी मिळाले. ऐंशीच्या दशकात जपानी सहकार्याच्या बळावर चार कंपन्या हलक्या मालवाहू वाहनांच्या बाजारात उतरल्या, तेव्हा टेल्कोने १९८६ मध्ये आपला ‘४०७’ आणला. डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निस्सान ही नावे आज विस्मृतीत गेली. ‘४०७’ अजून धावतो आहे.

या वाटेवर ठेचाही लागल्या. १९९८ च्या ‘इंडिका’विषयी ग्राहकांच्या तक्रारींचा पाऊस पडला. २०००-०१ मध्ये कंपनीला ५०० कोटींचा तोटा झाला. तरीही संशोधन गुंडाळले गेले नाही. दोष शोधून २००१ मध्ये सुधारित ‘व्ही-टू’ आली. आकुर्डीच्या बजाजनेही कावासाकीकडून विद्या घेतली, पण तेथेच न थांबता २००१ मध्ये ‘पल्सर’ आणि २०२४ मध्ये जगातील पहिली सीएनजी मोटारसायकल बाजारात आणली.

नवनिर्मितीची क्षमता अशी पिढ्यान्‌पिढ्या कामगारांच्या हातांत आणि अभियंत्यांच्या अनुभवात साठत जाते. मग ज्या कामगाराला सात महिन्यांनी ‘ब्रेक’ देऊन घरी पाठविले जाते, त्याच्या हातात काय साठणार? यंत्राचा स्वभाव ओळखू लागताच तो फाटकाबाहेर जातो आणि त्याचे ज्ञानही त्याच्याबरोबर जाते. वेतनात वाचविलेल्या पैशाची ही खरी किंमत आहे.

लघुउद्योजकांपुढील संकट तर दाराशी आले आहे. विजेच्या वाहनाला पिस्टन, व्हॉल्व्ह, सायलेन्सर लागत नाहीत. वीस-वीस वर्षे केवळ दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर सुटे भाग करणाऱ्या भोसरीतील कारखानदाराने उद्या काय करावे? एकट्याला संशोधन परवडत नसेल, तर दहा जणांनी मिळून टूलरूम आणि प्रयोगशाळा उभारावी. राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम ०.६४ टक्के संशोधनावर खर्चणाऱ्या देशात, ज्यात खासगी उद्योगांचा वाटा निम्म्याहूनही कमी आहे, सरकारकडे बोट दाखवून मोठ्या उद्योगांनाही मोकळे होता येणार नाही.

वस्तू येथे तयार झाली, एवढ्याने स्वदेशीचे व्रत पूर्ण होत नाही. तिची कल्पनाही येथल्या बुद्धीतून जन्मावी लागते. पुढच्या विश्वकर्मा जयंतीला यंत्रावर हार घालताना प्रत्येक कारखानदाराने स्वतःला एवढेच विचारावे: या वर्षात आपले असे आपण काय घडविले?