हातकामाचा कोपरा : चामडी पिशवीच्या बाजू

मैत्रिणींनो, चामड्याची पिशवी आधी कुठे दगा देते, हे कधी पाहिलंय? पुढचा भाग वर्षानुवर्षं धड राहतो, मागचाही राहतो. उसवते ती बाजू! एक तर खालच्या वळणावर, नाही तर वर पट्ट्याची कडी असते तिथे. डबा, छत्री, पाकीट आणि येता येता घेतलेली दोन किलो भाजी, या सगळ्याचा भार या दोन बाजूंवरच येतो. बसच्या गर्दीत तीच शिवण सुटली, तर काय तारांबळ उडते ते सांगायला नको. म्हणून आज पिशवीच्या फक्त बाजूंविषयी बोलू. ज्या भगिनी ओळखीपाळखीत पिशव्या करून चार पैसे मिळवतात, त्यांचं नाव तर याच शिवणीवर टिकतं.

पिशवी अगदी साधी घेऊ. पुढचा भाग, तळ आणि मागचा भाग मिळून एकच लांब पट्टा, आणि दोन्हीकडे खाली गोलाई असलेल्या दोन बाजू. तयार पिशवी २६ सें.मी. रुंद, २० सें.मी. उंच आणि १० सें.मी. खोल.

साहित्य : दीड मि.मी. जाडीचं, झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं, जाड पुठ्ठा, १० सें.मी. रुंदीची कडा घासलेली लाकडी फळी, आरी, बोथट टोकाच्या दोन सुया, जाड दोरा, मधमाशीचं मेण, रबर सोल्युशन, कपडे वाळत घालायचे चिमटे.

चामडं घेताना विचारून घ्या. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं, म्हणजे आपल्या कोल्हापुरी चपलेचं, ओलं करून वळवलं की वाळल्यावर तसंच राहतं. क्रोमने कमावलेलं चामडं मऊ असतं, पण घातलेली घडी धरून ठेवत नाही. आपल्याला पहिलंच हवं. कातड्याच्या पोटाकडचा भाग ताणतो, तो बाजूंना वापरू नका. पाठीकडचा घट्ट भाग घ्या.

माप : इथेच बहुतेकींचं गणित चुकतं. बाजू २० उंच आणि १० रुंद, म्हणजे कडेकडेने २० अधिक १० अधिक २०, असे ५० सें.मी. झाले असं वाटतं. पण खालचे कोपरे गोल आहेत ना! ४ सें.मी. त्रिज्येची गोलाई दिली, तर सरळ कडा १६ आणि १६, तळ फक्त २, आणि दोन्ही वळणं मिळून साडेबारा सें.मी. एकूण भरतात साधारण साडेशेहेचाळीस. जवळजवळ साडेतीन सें.मी.चा फरक! ५० धरून शिवायला बसलात, तर पट्टा उरतो, आणि तो जिरवायला बाजू ओढली की पिशवी पिळवटते. हिशेब नको वाटत असेल, तर पुठ्ठ्याच्या साच्याभोवती दोरा फिरवा आणि तो पट्टीवर मोजा. दोरा खोटं बोलत नाही.

आता शिवणीसाठी दुमड सोडायची. बाजूला तिन्हीकडे ८ मि.मी. आणि वर १ सें.मी. जास्त. म्हणजे बाजूचा तुकडा ११.६ सें.मी. रुंद आणि २१.८ सें.मी. उंच. लांब पट्टा २७.६ सें.मी. रुंद आणि ४९ सें.मी. लांब. झाकण हवं असेल तर त्याचं माप वेगळं मिळवा. आधी सगळं पुठ्ठ्यावर कापून जुळवून पाहा. पुठ्ठा वाया गेला तर हरकत नाही, चामडं महाग आहे.

कृती : बाजूचा तुकडा स्पंजने ओला करा. चिंब नको, नुसता गार लागेल इतपत. फळीचं खालचं टोक साच्यासारखंच गोल करून घ्या, त्यावर तुकडा चांगली बाजू फळीकडे ठेवून पसरा आणि कडेची ८ मि.मी. दुमड खाली वळवा. वळणावर चामड्याला चुण्या पडतील. घाबरू नका. एक मोठी चुणी राहू न देता बारीक बारीक वाटून द्या, जवळजवळ चिमटे लावा आणि चमच्याच्या दांड्याने दाबत राहा. सावलीत रात्रभर वाळू द्या. उन्हात ठेवलंत तर चामडं कडक होऊन तडकेल.

वाळल्यावर, जोडण्याआधीच, पट्ट्याची कडी बसवून घ्या. तिच्या आतून चामड्याचा दुसरा थर लावा आणि चौकोनात टाके घाला. पिशवी जोडल्यावर तिथे हात नीट जात नाही.

लांब पट्ट्याच्या कडेपासून ४ मि.मी. आत रेघ आखा आणि दर ४ मि.मी.वर आरीने भोक पाडा. भोकं फक्त पट्ट्यालाच पाडायची. मग पट्ट्याचा मध्य आणि बाजूच्या तळाचा मध्य यांवर खूण करा. दोन्हीकडे सोल्युशन लावा, दहा मिनिटं थांबा, आणि मध्यापासून वरच्या टोकांकडे चिकटवत जा. सोल्युशन लावताना खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅसजवळ अजिबात बसू नका, ते भुरकन पेट घेतं. आता पट्ट्याच्या भोकांतूनच आरी आरपार घाला, म्हणजे दोन्हीकडची भोकं आपोआप जुळतील.

टाकेही मध्यापासूनच सुरू करा. आधी एका अंगाने वर जा, मग दुसऱ्या. थोडा कमी-जास्तपणा राहिलाच, तर तो वर तोंडाशी येतो आणि तिथे कापून टाकता येतो. एका टोकाकडून सुरुवात केलीत, तर तोच फरक दुसऱ्या टोकाला तिरपा होऊन बसतो.

प्रत्येक अंगासाठी साधारण एक मीटर दोरा घ्या, मेणावरून दोनदा ओढा आणि दोन्ही टोकांना सुया ओवा. एकाच भोकातून एक सुई इकडून, दुसरी तिकडून, आणि दोन्ही हातांनी सारखं ओढायचं. यंत्राच्या शिवणीत एक टाका तुटला की पुढचे सुटत जातात. या टाक्यात एक दोरा झिजला, तरी दुसरा शिवण धरून ठेवतो. शेवटी तीन टाके उलटे घालून दोरा कापा.

उरलेली कड पॉलिश पेपरने घासा, ओल्या बोटाने पुसा आणि गुळगुळीत लाकडाने चोळा. चकाकी आपोआप येते.

शेवटची तपासणी : पिशवीत चार किलो तांदूळ भरून ती रात्रभर खुंटीला टांगून ठेवा. सकाळी वळणावर टाके उघडे दिसले नाहीत आणि कडीपाशी चामडं ओढलं गेलं नाही, तर पिशवी खुशाल बाजारात न्या, किंवा ज्यांनी सांगितली असेल त्यांच्या हाती द्या. टाके दिसले, तर तेवढाच भाग उसवून पुन्हा घाला. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि भर रस्त्यात भाजी सांडण्यापेक्षा केव्हाही बरं!