पहिल्या पावसाचा राखणदार

मृगाची पहिली सर आली की अंगणातून कसले पाणी वाहते, हे शेतकरी बांधवांना सांगायला नको. आठ महिन्यांची धूळ व केरकचरा त्या पाण्याबरोबर ओढ्याला जातो. तीच सर कारखान्याच्या आवारात पडली, तर भंगाराचा गंज, सांडलेले तेल आणि फुटक्या पोत्यांतली भुकटीही वाहून जाते. कारखान्याच्या सांडपाण्यावर निदान कोणाची तरी नजर असते. पावसाच्या पाण्याकडे मात्र कोण पाहतो?

अमेरिकेत या कामासाठी माणूस तयार करतात, ही गोष्ट आम्हांस विचार करण्यासारखी वाटते. तेथे १९७२ साली पाण्याच्या शुद्धतेचा मोठा कायदा झाला. १९८७ च्या दुरुस्तीने कारखान्यांच्या आवारातून वाहणारे पावसाचे पाणीही परवान्याखाली आले. कॅलिफोर्निया राज्यात १ जुलै २०१५ पासून लागू झालेल्या नियमांत तर प्रशिक्षण घेऊन परीक्षा उतरलेल्या जाणकाराची तरतूद आहे.

त्याचे काम असे. कारखान्याने वर्षातून चार वेळा पाऊस वाहत असताना पाण्याचे नमुने घ्यावयाचे. दोन जुलै ते डिसेंबरमध्ये, दोन जानेवारी ते जूनमध्ये. तेल, गाळ, आम्लता आणि कारखान्याच्या प्रकाराप्रमाणे धातू तपासतात. जस्ताची इशारा-पातळी लिटरला ०.२६ मिलिग्रॅम आहे. जस्त थोडे असले तर पिकाला हवेच, पण पाण्यात विरघळलेले जस्त माशांना घातक ठरते. ते येते कोठून? पुष्कळदा छपराच्या जस्ती पत्र्यांवरून आणि गाड्यांच्या टायरांच्या झिजेतून! वर्षाची सरासरी पातळीवर गेली की कारखान्याला या जाणकाराला बोलवावेच लागते. तो आवार फिरून १ ऑक्टोबरपर्यंत मूळ कारण शोधतो. उपायांचा अहवाल १ जानेवारीपर्यंत जावा लागतो. उपाय पुष्कळदा साधे असतात. माल छपराखाली ठेवणे, आवार कोरडे झाडणे, सांडलेले तेल लगेच टिपणे.

पद्धत चांगली आहे, पण आमच्या मते त्यात एक उणीव आहे. आकडे बिघडेपर्यंत बहुतेक कारखान्यांना असा जाणकार ठेवण्याची सक्ती नाही. म्हणजे ताप चढल्यावर डॉक्टर! आपण मुलांना लस रोग होण्याआधी टोचतो. जाणकाराचा डोळाही पहिल्या पावसाआधीच आवारावरून फिरला पाहिजे.

हे दूरच्या देशाचे झाले, असे कोणी म्हणू नये. आमच्या हैदराबादकडील वाचकांना पटनचेरू ठाऊक आहे. तेथील कारखान्यांच्या सांडपाण्याने नक्कावागू ओढा व आसपासच्या विहिरी नासल्या, आणि १९९० साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. प्रश्न सांडपाण्याचा होता, पण धडा पावसाच्या पाण्यालाही लागू आहे. विहीर एकदा बिघडली की निकाल लागेपर्यंत पीक थांबत नाही. आपल्याकडे जलप्रदूषणाचा कायदा १९७४ पासून आहे. परंतु कायदा स्वतः पावसात उभा राहून बाटली भरत नाही. ते माणसालाच करावे लागते.

म्हणून विज्ञान शिकलेल्या आपल्या मुलामुलींनी अशा कामाकडे वळावे, असे आम्हांस वाटते. पाणी कोणत्या बांधाकडे धावते, माती कोठे साचते, हे शेतकऱ्याच्या घरात पुस्तकाआधी कळते. रसायनाचे शिक्षण त्याला जोडले की चांगला जाणकार तयार होईल.

मात्र एक गोष्ट विसरू नये. या जाणकाराचा पगार कारखाना देतो आणि पाणी शेजारचा शेतकरी पितो. प्रमाणपत्र परीक्षेने मिळते. बाटलीत जे निघाले तेच कागदावर लिहिण्याची हिंमत मात्र घरूनच न्यावी लागते.