प्रवेश विनामूल्य; पण निर्णय कोणाचा?

मुंबईत दर वर्षी जानेवारीच्या अखेरीस वा फेब्रुवारीच्या आरंभी काळा घोडा परिसरातील दुबाश मार्ग वाहनांना बंद होतो आणि नऊ दिवस तेथे मांडणशिल्पे, चित्रे, हस्तकलेची दुकाने आणि माणसांची अलोट गर्दी नांदते. १९९९ पासून, महासाथीच्या काळातील खंड वगळता, हा क्रम चालू आहे. प्रवेशाला मूल्य नाही. त्यामुळे कला दालनांतून रस्त्यावर आली व सर्वांची झाली, असे समाधान दर वर्षी व्यक्त केले जाते. ते सर्वस्वी निराधार नाही. परंतु तपासून घेण्याजोगे मात्र निश्चित आहे.

ज्या पुतळ्यावरून या परिसराला नाव मिळाले, त्याचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. प्रिन्स ऑफ वेल्सच्या, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आलेल्या राजपुत्राच्या, १८७५-७६ च्या भारतभेटीचे स्मारक म्हणून त्याचा अश्वारूढ पुतळा १८७९ मध्ये येथे उभा राहिला. तो आल्बर्ट ससून यांनी शहराला भेट दिला होता. ससून घराण्याची संपत्ती अफू व कापूस यांच्या व्यापारातून उभी राहिलेली. देणारा धनिक, स्वीकारणारी राजसत्ता आणि खाली उभे राहून पाहणारी प्रजा, असा तो त्रिकोण होता. १९६५ मध्ये पुतळा हलविण्यात आला. आज तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. २०१७ मध्ये त्या परिसरात नवा घोडा आला, तो स्वाराविना. स्वार गेला हे उचितच झाले. परंतु लगाम कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

तेथून जवळच हुतात्मा चौक आहे. १८६४ मधील फ्लोरा फाउंटनच्या शेजारी मशाल धरलेले कामगार व शेतकरी उभे आहेत. २१ नोव्हेंबर १९५५ चा गोळीबार आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पडलेले शंभराहून अधिक बळी यांचे ते स्मारक. कोणा दानशूराच्या औदार्याने ते आलेले नाही. ज्या चळवळीत समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी-कामगार एकत्र झाले, त्या चळवळीने शहराच्या मध्यभागी मिळविलेली ती जागा आहे. दर वर्षी १ मे व २१ नोव्हेंबरला तेथे माणसे येतात, ती प्रेक्षक म्हणून नव्हे, वारस म्हणून. काळा घोडा व हुतात्मा चौक यांमध्ये अंतर काही मिनिटांच्या चालीचे असले, तरी सार्वजनिकतेच्या दोन कल्पनांमधील अंतर फार मोठे आहे.

गिरणगावानेही स्वतःचे उघड्यावरचे प्रदर्शन दीर्घकाळ चालविले. गणेशोत्सवातील देखावे चाळीचाळींतून गोळा झालेल्या वर्गणीवर उभे राहत. विषय कोणता घ्यायचा, खर्च किती करायचा, याचा वाद मंडळाच्या बैठकीत होई. वर्गणीदार हाच परीक्षक असे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, वर्गणीची जागा जाहिरातींच्या कमानींनी घेतली आणि कमानीबरोबर निर्णयही हळूहळू हलला.

अर्थशास्त्रात सार्वजनिक वस्तूची खूण अशी की, एकाने उपभोग घेतल्याने दुसऱ्याचा वाटा घटत नाही आणि कोणालाही वगळता येत नाही. रस्त्यावरचे शिल्प या व्याख्येत चपखल बसते. परंतु अशा वस्तूचा खर्च बाजार आपण होऊन उचलत नाही, हेही तेच शास्त्र सांगते. खासगी प्रायोजक तो उचलतो, तेव्हा त्याला मोबदला हवा असतो आणि तो जेथे खरेदीदार फिरतो तेथेच मिळतो. म्हणूनच असे उत्सव फोर्टात होतात, गोवंडी-मानखुर्दमध्ये नाहीत. यात आयोजकांचा कोणताही दुष्ट हेतू नाही. परिसरातील वारसा-वास्तू जपण्याचे त्यांचे काम स्तुत्यच आहे. दोष व्यवस्थेचा आहे.

२०१७ च्या अखेरीस ससून गोदीत भरलेल्या प्रदर्शनाने हा प्रश्न अधिक तीव्र केला. १८७५ ची ही गोदीही आल्बर्ट ससून यांनीच बांधलेली. तेथील भिंतींवर कोळी स्त्री-पुरुषांच्या मोठ्या प्रतिमा झळकल्या. एरवी तेथे पाऊल न टाकणारी मुंबई त्या पाहावयास गेली. श्रमिकाचा चेहरा भिंतीवर आला, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु ज्या बाईचा चेहरा भिंतीवर आला, तिला त्या भिंतीच्या भवितव्याविषयी बोलण्याचा अधिकार आहे काय?

शासनाने खर्च केला की सारे सुरळीत होते, असेही नाही. महापालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. याच काळात सुमारे १,७०० कोटी रुपयांचा सुशोभीकरणाचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. खांबांना दिव्यांच्या माळा आल्या, पुलांना रंग आले. पैसा जनतेचा, निर्णय मात्र कचेरीतला. यालाही सार्वजनिक कला म्हणता येणार नाही. प्रायोजकाची मर्जी आणि अधिकाऱ्याची मर्जी यांत नागरिकाच्या दृष्टीने फारसा फरक नसतो.

लोकांच्या हाती निर्णय दिल्यास पुतळ्यांचीच स्पर्धा लागेल, अभिरुची खालावेल, असा आक्षेप सुशिक्षितांकडून घेतला जातो. ही भीती अगदीच खोटी नाही. परंतु अभिरुची ही निर्णयात सहभागी होऊनच घडते. वाचनालय न काढता वाचनाची आवड नाही अशी तक्रार करण्यासारखेच हे आहे.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. ज्या महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींहून अधिक होता, तिने त्यातील अल्पसा पण निश्चित वाटा प्रभागवार कलेसाठी राखावा. रहिवासी, कलावंत आणि त्या प्रभागात श्रम करणारे यांच्या समितीने, उघड बैठकीत, काय उभारायचे ते ठरवावे. कलावंताला प्रसिद्धीचे आमिष नव्हे, कामाचा मोबदला मिळावा. सार्वजनिक रस्ता वापरणाऱ्या प्रत्येक महोत्सवाने जमाखर्च प्रसिद्ध करावा आणि उपनगरातील एखाद्या वस्तीत दर वर्षी एक कायमची कलाकृती उभारून द्यावी.

प्रवेश विनामूल्य ठेवणे हे औदार्य आहे. निर्णयात वाटा देणे ही लोकशाही आहे. औदार्यावर समाधान मानण्याची सवय मुंबईच्या कामकरी माणसाने १९५५ सालीच सोडली होती.