उकिरडा कोणत्या खात्याकडे?

प्रति,
मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, अहिल्यानगर
जिल्हा पशुसंवर्धन विभाग, अहिल्यानगर
जिल्ह्यातील सहकारी दूध संघ आणि साखर कारखान्यांचे अध्यक्ष व संचालक



पाऊस स्थिरावला की जिल्ह्यातल्या गोठ्यागोठ्यांत पाठीवरचे पंप बाहेर निघतात. सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन, दुकानदार देईल ते. मात्रा बाटलीच्या झाकणाने मोजायची आणि फवारा मारायचा. तो गव्हाणीवर बसतो, वैरणीवर बसतो, गाईच्या कासेवरही बसतो, आणि त्याच कासेचं दूध संध्याकाळी डेअरीत जातं. तीन-चार दिवस माशी कमी दिसते. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेवढीच. मग दुकानातून आणखी जालीम औषध येतं. दोन-चार गाईंवर घर चालवणारा शेतकरी एकट्याच्या बळावर यातून सुटणार नाही. तुम्ही मनावर घेतलं तर सुटेल, म्हणून हे पत्र.

फवारणीने मरते ती उडणारी माशी. घरमाशीची मादी एका वेळी शंभर-दीडशे अंडी घालते, एका दिवसात त्यातून अळी बाहेर येते आणि उबदार हवेत सात ते दहा दिवसांत नवी माशी तयार होते. हे सगळं ओल्या शेणात घडतं. तिथवर फवारा पोचत नाही. दुसरी आहे ती चावरी माशी, शास्त्रीय नाव स्टोमोक्सिस. दिसायला घरमाशीसारखीच, पण तोंडापुढे ताठ सुईसारखी सोंड असते. ती गाईच्या पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या आसपास, डोकं वर करून बसते आणि रक्त पिते. धारेच्या वेळी गाय सारखे पाय आपटते, शेपटी झाडते, बादली लाथाडते, ती हिच्यामुळे. हिची वाढ शेण, मूत्र आणि चघळ एकत्र कुजते तिथे होते. वेळ घरमाशीपेक्षा जास्त लागतो, दोन-तीन आठवडे.

कोणताही उकिरडा फावड्याने कडेला उकरून पाहा. वरचा थर वाळलेला असतो. वीतभर खाली गरम, ओला भाग लागतो आणि तिथे पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतात. अगदी मध्यभागी त्या नसतात, कारण कुजणाऱ्या ढिगाच्या पोटातली उष्णता त्यांना सोसत नाही. कडेच्या कोरड्या मातीत तपकिरी कोष सापडतात. आठवड्यानंतरच्या माश्या तिथे तयार पडलेल्या असतात, आणि आपण गोठ्यात पंप मारत असतो.

२०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाने हे सगळ्यांना शिकवायला हवं होतं. ऑगस्टमध्ये त्या साथीतली राज्यातली पहिली जनावरं जळगाव जिल्ह्यात सापडली, मग रोग आपल्याकडेही आला, जनावरांचे बाजार बंद झाले. विषाणू पसरवणाऱ्यांत चावऱ्या माश्या, डास आणि गोचीड आहेत हे तेव्हा प्रत्येक पत्रकात छापलं होतं. लसीकरण मोठ्या प्रमाणावर झालं, ते योग्यच झालं. गोठ्यांत फवारण्याही झाल्या. पण या माश्या जिथे जन्मतात तो ढीग किती ठिकाणी हलला? साथ ओसरली, पंप कोपऱ्यात गेले आणि उकिरडा दाराशीच राहिला.

औषधांवरचा भरवसा तर फार जुना भ्रम आहे. डीडीटी वापरात येऊन काही वर्षंच झाली होती, तेव्हा १९४६-४७ च्या सुमारास युरोपातल्या घरमाश्यांनी ते पचवायला सुरुवात केली. पुढच्या औषधांचंही तेच झालं. आपल्याकडे डायक्लोरव्हॉस ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झालं, म्हणजे वर्षानुवर्षं घरात-गोठ्यात मारलं गेलेलं औषध घातक होतं हे सरकारनेच मान्य केलं. सायपरमेथ्रीन मधमाश्यांना आणि माशांना मारतं. कांद्याचं बी धरणाऱ्याला मधमाशी लागते, शेततळ्यात मासे सोडणाऱ्याला तळं स्वच्छ लागतं. गोचिडांसाठी टोचलेलं इव्हरमेक्टिन शेणातून बाहेर पडतं आणि शेणकिड्यांच्या पिल्लांना मारतं. हेच किडे शेण मातीत ओढून नेतात, माशीला जागा ठेवत नाहीत. ऑस्ट्रेलियाने १९६० च्या दशकात गाईंच्या शेणावर वाढणाऱ्या माश्या आवरण्यासाठी परदेशांतून शेणकिडे मुद्दाम आणून सोडले. आपल्याकडे ते आयते आहेत आणि आपण ते नकळत संपवतो आहोत.

उपाय सगळ्यांना माहीत आहे आणि तो सोपा आहे: शेण आणि ओली चघळ आठवड्याच्या आत गोठ्याजवळून हलली पाहिजे आणि ती झाकली गेली पाहिजे. माशीला सात-दहा दिवस लागतात, तिला सात द्यायचे नाहीत. आपल्या जिल्ह्यात शेततळी खूप, त्यामुळे त्यांचा जुना फाटका प्लास्टिकचा कागद बांधाबांधावर पडलेला असतो. तो ढिगावर अंथरून कडा मातीने दाबल्या की आतली उष्णता कडेपर्यंत पोचते, अळी मरते, खतही लवकर कुजतं. मुक्तसंचार गोठ्यात गावरान कोंबड्या सोडणारे शेतकरी आता पुष्कळ आहेत. कोंबडी शेण उकरून अळ्या वेचते, ते काम कोणतंही औषध करणार नाही. अशा गोठ्यात लक्ष ठेवायचं ते पाण्याच्या टाकीभोवतीच्या चिखलावर आणि मुरघासाच्या खड्ड्यातून झिरपणाऱ्या पाण्यावर. कडुनिंबाच्या पाल्याची धुरी धारेपुरती कामाला येते, त्यापलीकडे तिच्याकडून अपेक्षा नको.

मग हे होत का नाही? कारण चार संकरित गाई दिवसाला सत्तर-ऐंशी किलो शेण देतात, आणि ते उचलणारी बहुतेक घरची बाई असते. तिच्या कामाला ना मजुरी, ना नोंद, ना अनुदान. आणि उकिरडा कोणत्याच खात्याकडे नाही. पशुसंवर्धनाकडे गाय आहे, आरोग्याकडे रोगी आहे, कृषी विभागाकडे खत आहे, ग्रामपंचायतीकडे गटार आहे.

जिल्हा परिषदेला माझी पहिली विनंती या उकिरड्याबद्दलच आहे. ३ फेब्रुवारी २०२१ च्या शासन निर्णयाने शरद पवार ग्रामसमृद्धी योजना आली. त्यात दोन ते सहा जनावरांच्या पक्क्या गोठ्याला रोजगार हमीतून ७७,१८८ रुपये धरले, गव्हाणीबरोबर २५० लिटरची मूत्रसंचय टाकी घालून दिली, आणि त्याच योजनेत नाडेपची टाकीही ठेवली. नाडेप म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या पांढरीपांडे यांची कंपोस्ट खताची पद्धत, महाराष्ट्राचीच देणगी. कागदावर हा माशी-नियंत्रणाचा उत्तम आराखडा आहे. म्हणून गोठा आणि नाडेप वेगवेगळे मंजूर करू नका, एकाच प्रस्तावात मंजूर करा. शेवटचा हप्ता देण्याआधी फोटो पत्र्याचा मागू नका, मूत्राच्या नालीचा आणि भरलेल्या टाकीचा मागा.

दूध संघांनो, तुम्ही फॅट आणि एसएनएफवर भाव देता. तुमचे डॉक्टर महिन्यातून अनेकदा गोठ्यात येतात. त्यांच्या वहीत एक रकाना वाढवा: उकिरडा गोठ्यापासून किती पावलांवर, झाकलेला की उघडा. झाकलेला असेल त्याला वर्षअखेरच्या रिबेटमध्ये थोडं जास्त द्या. संघाच्या दुकानातून कीटकनाशक उधारीवर मिळत असेल, तर फावडं, ढकलगाडी आणि धारेच्या वेळचा पंखाही तसाच मिळू द्या. चावरी माशी वाऱ्यात नीट उडू शकत नाही, पंख्याखाली गाय शांत उभी राहते.

कारखान्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. उसाच्या खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड शेतकऱ्याने स्वीकारलं, हुमणीसाठी मेटारायझियम स्वीकारलं; जैविक उपाय त्याला नवे नाहीत. माशीच्या कोषात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्याही निसर्गात आहेत, अमेरिकेत त्या गोठ्यांसाठी विकत मिळतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाला सोबत घेऊन त्या इथे वाढवता येतील का, हे तपासा. आणि गळीत हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्यांजवळ शेकडो बैल बांधलेले असतात. तिथलं शेण दर आठवड्याला उचलून प्रेसमडच्या कंपोस्टात घ्या. त्या कोप्यांत लहान लेकरं उघड्या भाकरीवर बसलेल्या माश्या हाकलत जेवतात. याला नव्या योजनेची गरज नाही, एक ट्रॅक्टर पुरतो.

राहिला प्रश्न पोल्ट्रीच्या ओल्या खताचा. ते ट्रॉलीने येतं, बांधावर उघडं पडतं आणि आठवड्यात सगळी वस्ती माश्यांनी भरते. शेजाऱ्याशेजाऱ्यांत भांडणं होतात. खत देणाऱ्याने ते सुकवून द्यावं, घेणाऱ्याने उतरवलं त्याच दिवशी झाकावं किंवा मातीआड करावं, एवढा ठराव ग्रामसभेत होऊ शकतो. त्याचा नमुना जिल्हा परिषदेने सर्व चौदा तालुक्यांच्या गटविकास अधिकाऱ्यांमार्फत मृग नक्षत्राआधी ग्रामपंचायतींना पाठवावा, म्हणजे या पावसाळ्यात तरी तो लागू होईल.

आपला,
अहिल्यानगर जिल्ह्यातील एक दूध उत्पादक